बोहणीला 'नाही' म्हणायचं नसतं

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

डायरी सुरू. संकल्प तीनच, कारण जास्त केले की एकही होत नाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद. सकाळी फिरणे. आणि अक्षय तृतीयेच्या आत आपल्या ट्रान्सपोर्टचं पूर्ण कॉम्प्युटरायझेशन.

तिसरा सगळ्यात मोठा. मालक आनंदरावजी वाडीचं गोदाम हिंगण्याला हलवत आहेत. तिथे नवीन शेड, नवीन काउंटर आणि काचेची एक केबिन, कूलरसकट. काल खांद्यावर हात ठेवून म्हणाले, जितेंद्र, उद्घाटनाच्या दिवशी सिस्टम बरोबर चालली तं तू सिस्टम मॅनेजर, अन् ते केबिन तुयं. मी इतकी वर्षं जिन्याखाली बसतो. टेबलाशेजारी माठ आहे. जो तो पाणी प्यायला येतो आणि माझ्या स्क्रीनमध्ये डोकावतो. लोकांचा समज आहे की मी दिवसभर पत्ते खेळतो. दिवसभर नाही.

कडुनिंब खाऊन तोंड कडू झालं, म्हणून एक खर्रा. उद्यापासून बंद.

१ एप्रिल, मंगळवार

आमच्याकडे प्रत्येक मालाची बिल्टी बनते. माल कोणाचा, कुठून आला, कोणाला द्यायचा, सगळं तिच्यात. काउंटरवरची वैभवी बिल्ट्या कॉम्प्युटरमध्ये भरते, पण काळ्या पडद्यावर, हुकूम टाइप करून. हमालांचा मुकादम रुपराव त्या पडद्याला अमावस्या म्हणतो.

उपाय सापडला. शेल स्क्रिप्ट. म्हणजे कॉम्प्युटरला एकाखाली एक लिहून दिलेले हुकूम. आणि झेनिटी नावाचा एक छोटा प्रोग्राम, त्याला एक ओळ दिली की पडद्यावर सुंदर चौकट येते. चौकटीत आपला प्रश्न, खाली 'हो' आणि 'नाही'. मोठमोठ्या कंपन्यांत असतं अगदी तसंच.

पहिली चौकट तयार: "जितेंद्र सिस्टममध्ये आपले स्वागत आहे." बायकोला दाखवली. शामला म्हणे, गॅस संपला हे दाखवते का तुमची चौकट. कलावंताची कदर घरात होत नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

एक गोष्ट खटकली. बटण दाबलं की चौकट स्क्रिप्टला एक आकडा कळवते. सगळीकडे लिहिलंय की शून्य म्हणजे 'हो' आणि एक म्हणजे 'नाही'. शून्य म्हणजे हो? परीक्षेत शून्य मिळालं तर पास होतात का? कोणीतरी एकानं चुकीचं लिहिलं आणि बाकीच्यांनी डोळे मिटून उतरवलं. मी सुधारून घेतलं. एक म्हणजे हो, शून्य म्हणजे नाही. एवढी मोठी चूक आजवर कोणाच्या लक्षात कशी आली नाही?

फिरायला जाणार होतो. ऊन फार. सकाळी सहालाही.

५ एप्रिल, शनिवार

खर्रा सोडायलाही स्क्रिप्ट केली. चौकट विचारते: "खर्रा खायचा का?" ठामपणे 'नाही' दाबलं. चौकट म्हणाली: "खा, मजा करा." तसं यायला नको होतं. पण मशीनला भावना नसतात, ते निःपक्षपातीपणे सांगतं. खाल्ला.

९ एप्रिल, बुधवार

मुख्य स्क्रिप्ट तयार. रोज सकाळी काउंटरचं मशीन सुरू केलं की चौकट येईल: "जुन्या बिल्ट्या पुसायच्या का?" 'हो' फक्त महिन्याच्या एक तारखेला दाबायचं, बाकी दिवस 'नाही'. जुनी म्हणजे कोणती, असं वैभवीनं विचारलं. मी म्हणालो, आजच्या आधीची ती जुनी. व्याख्या सोपी असावी.

कोणी म्हणेल, धोका आहे. नाही. पुसण्याच्या आधी स्क्रिप्ट सगळ्या बिल्ट्या पेनड्राइव्हवर उतरवते, मग पुसते. पेनड्राइव्ह माझा घरचाच आहे. त्यात साळ्याच्या, म्हणजे विक्रमच्या लग्नाचा व्हिडिओ आहे, पारशिवनीच्या मंगल कार्यालयातला, हळदीपासून पाठवणीपर्यंत. तो उडवला तर शामला मला उडवेल. राहू दे. एका कोपऱ्यात पडून राहील.

घरी रिकाम्या फोल्डरवर टेस्ट केली. 'हो' दाबलं, "काम फत्ते" आलं. 'नाही' दाबलं, तरी "काम फत्ते" आलं. दोन्ही बटणं उत्तम चालतात.

१२ एप्रिल, शनिवार

वैभवीची कटकट. म्हणे, सर, चौकटीच्या मागं काहीतरी इंग्लिशमधे लिहून येऊन राहिलं. मी समजावलं की कॉम्प्युटर काम करताना पुटपुटतो, लक्ष द्यायचं नाही. ती म्हणे, ते पुटपुटणंही एका चौकटीत दाखवा ना, दाखवता येते म्हणे. येतं. पण वापरणाऱ्याला आतलं दाखवायचं नसतं. स्वयंपाक दाखवला की जेवणारा उठून जातो.

आमची मशीन ज्यावर चालतात त्या लिनक्समध्ये एक विहीर असते, डेव्ह-नल. तिच्यात काहीही टाका, वर येत नाही. कॉम्प्युटरचं सगळं पुटपुटणं तिकडे वळवलं. पडदा स्वच्छ.

त्याऐवजी पट्टी बसवली. हिरवी, डावीकडून उजवीकडे भरत जाते, शंभर टक्के झाले की "काम फत्ते". खरं काम किती झालं हे पट्टीला कळण्याचा मार्ग मला सापडला नाही, म्हणून ती आपली आपणच भरते. थोडी थांबत थांबत, म्हणजे मेहनत दिसते. आता माझ्या प्रत्येक चौकटीनंतर ही पट्टी येणार.

आनंदरावजी पट्टी बघून फार खूश. दोनदा लावायला सांगितली.

१४ एप्रिल, सोमवार

सुट्टी. सगळीकडे निळे झेंडे, वाडीपासून रस्ते भरलेले. प्रशिक भेटला, शाळेतला मित्र, कंपनीत सॉफ्टवेअरला आहे. त्याला मोबाइलवर माझी स्क्रिप्ट दाखवली. वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. मग म्हणे, जितू, हे आकडे उलटे हायेत गा. मी हसलो. शिकलेल्या माणसाची हीच अडचण, पाठ केलेलं सोडवत नाही. त्याला ताक पाजलं आणि विषय बदलला.

१७ एप्रिल, गुरुवार

आज क्रांती. मालाच्या पेट्यांवर, गाठोड्यांवर नाव-गाव लिहायची जुनी पद्धत बंद. आता फक्त नंबर. नाव-गाव कॉम्प्युटरमध्ये. रुपराव म्हणे, भाऊ, मशीन बंद पडली तं मानसानं मालाले विचारावं का, तू कोनाचा म्हनून? मी सांगितलं, जगात सगळीकडे असंच चालतं. तो म्हणे, जगात लाइट जात नसन.

जुने ठळक अक्षरांचे कागद वैभवीनं फाडून टाकले. टाकताना चेहरा असा की घरातलं माणूस गेलं.

१८ एप्रिल, शुक्रवार

मालकांची खास मागणी. आनंदरावजींना कोणाच्या तोंडावर वाईट बोलता येत नाही. रागावले की रुपरावमार्फत निरोप पाठवतात आणि स्वतः मंदिरात जातात. त्यांना परवा सूचनापेटी करून दिली. त्यांनी आपल्या मोबाइलवर लिहायचं, ते सकाळी सगळ्या मशीनवर चौकटीत येतं. खाली एकच बटण: 'ठीक आहे'. कोपऱ्यातली फुली मी बंद केली आहे. सगळ्यांनी 'ठीक आहे' दाबल्याशिवाय एकही मशीन पुढे जात नाही. दोन बटणं दिली की माणूस विचार करतो, विचार केला की वाद होतो.

पहिली सूचना: "माठाजवळ थुंकू नये." आज दुसरी: "रुपरावची लग्नाची सुट्टी मिळणार नाही." पुतणीचं लग्न आहे म्हणे त्याच्या. रुपराव माझ्या मशीनसमोर उभा राहून 'नाही' कुठे आहे ते शोधत होता. मी म्हणालो, नाही हे बटणच नाही. शेवटी दाबलं. पट्टी भरली, काम फत्ते. मला फार हसू आलं, पण आतल्या आत.

२२ एप्रिल, मंगळवार

धक्का. आज लवकर गेलो (फिरायला निघालो होतो, पाय आपोआप गोदामाकडे वळले). रुपराव शटर उघडून, मशीनला उदबत्ती ओवाळून, पुसायच्या चौकटीवर 'हो' दाबत होता! विचारलं, कधीपासून? म्हणे पहिल्या दिवसापासून, रोज मीच दाबतो. काहून? तर म्हणे, भाऊ, बोहणीच्या टायमाले कोनाले नाही म्हनाव का? पयलं गिऱ्हाईक दारात आलं तं पैसे कमी देल्ले तरी माल देतो आपन. अन् तुमची मशीन सकाळी सकाळी पयला सवाल करते, तिले नाही म्हनू?

म्हणजे रोज सगळ्या बिल्ट्या पुसल्या जात होत्या! धावत जाऊन बघितलं. सगळ्या जागच्या जागी. एकही गेलेली नाही.

शांतपणे बसून विचार केला. निष्कर्ष: माझी सिस्टम इतकी मजबूत आहे की माणसानं चुकीचं बटण दाबलं तरी डेटा हलत नाही. असं मी मुद्दाम केलेलं नव्हतं, पण हात चांगला असला की होतं.

वैभवी म्हणे, सर, मग 'हो' दाबून काहीच होत नसन तर 'नाही' दाबल्यावर काय होते? असले प्रश्न कॉमर्सवाल्यांना सुचतात.

२४ एप्रिल, गुरुवार

सगळ्या हमालांना उभं करून अंधश्रद्धेवर अर्धा तास बोललो. मशीनला शुभ-अशुभ नसतं, शनिवार नसतो, लिंबू-मिरची लागत नाही. उद्यापासून सकाळी 'नाही' दाबायचं म्हणजे दाबायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक जण उभ्या उभ्या झोपला होता, तो डोलवत होता की डुलत होता कळलं नाही.

भाषणाचा ताण आला. खर्रा.

२६ एप्रिल, शनिवार

सगळा माल हिंगण्याला हलवला. लग्नसराईमुळे शेड गच्च. साड्यांची गाठोडी, पत्रिकांचे गठ्ठे, बाशिंगं, कूलर, मिक्सर, फवारणीचे पंप, शाळेचे बाक. सगळ्यांवर फक्त नंबर. काय शिस्त दिसते! सैन्यासारखी.

केबिन बघितली. खुर्ची फिरते. बसून तीन फेऱ्या मारल्या. शामलाला फोटो पाठवला. तिचा निरोप आला, येताना दही आणा.

कळलं की रुपराव अजून 'हो'च दाबतो. चोरून. उद्घाटनाला मी जातीनं उभा राहणार.

२९ एप्रिल, मंगळवार

उद्या. नवीन शर्ट इस्त्री. पाटीवरचा मजकूर ठरवला: जितेंद्र, सिस्टम मॅनेजर. खाली छोट्या अक्षरात: भेटण्यापूर्वी विचारावे.

आनंदरावजी स्वतःच्या हातानं मशीन सुरू करणार आहेत.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय तृतीया. सकाळी

लिहायला वेळ कमी. निघालो. शामलानं हातावर दही ठेवलं आणि म्हणाली, तुमचं बस्तान बसू द्या बाप्पा एकदाचं, जिन्याखाली बसून बसून मान वाकडी झाली तुमची. तिच्या डोळ्यात पाणी होतं. आज केबिन मिळणारच.

तोच दिवस. दुपारी

जे झालं ते क्रमानं लिहितो, म्हणजे पुढे कोणी माझ्यावर ढकलू नये.

पूजा झाली. नारळ फुटला. आनंदरावजी टोपी घालून काउंटरवर बसले. शेजारी घरची मंडळी, मागे हमाल, दारात माल न्यायला आलेली गिऱ्हाइकं. मशीन सुरू केलं. चौकट आली: "जुन्या बिल्ट्या पुसायच्या का?" त्यांनी 'हो'वर बाण नेला. मी हात धरला. म्हणालो, 'नाही' दाबा. ते दचकले. म्हणे, आज? आखजीच्या दिवशी? पयल्या बोहणीले नाही म्हनू? रुपराव मागून म्हणे, नोका म्हनू मालक. मी सगळ्यांसमोर विज्ञानाची बाजू घेतली. म्हणालो, माझी जबाबदारी.

हे शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती.

त्यांनी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि 'नाही' दाबलं. हिरवी पट्टी डौलात भरली. काम फत्ते. टाळ्या वाजल्या, पेढे वाटले.

पहिलं गिऱ्हाईक पुढे आलं. वैभवीनं नंबर टाकला. बिल्टी नाही. दुसरा नंबर. नाही. तिसरा. ती माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, सर, एकही नाही. मी म्हणालो, पेनड्राइव्हवर आहेत. पेनड्राइव्ह लावला. सगळ्यांसमोर, मोठ्या पडद्यावर. त्यात फक्त विक्रमला हळद लागत होती.

जागाच नव्हती म्हणे पेनड्राइव्हमध्ये. कॉम्प्युटर ते सांगत होता. मी त्याला विहिरीत बोलायला लावलं होतं.

१ मे, गुरुवार

थोडा विचार केल्यावर चित्र स्पष्ट झालं. दोष मालकांचा. 'नाही' दाबताना त्यांचं मन साशंक होतं. माउसवर हात थरथरला असणार.

रात्री प्रशिकला फोन केला, सहज. तो म्हणे, म्या सांगतलं होतं ना, आकडे उलटे, 'नाही' दाबलं की पुसते तुयी मशीन. फोन खराब होता, ठेवला.

३ मे, शनिवार

गोदामात जत्रा. कोणाचं काय हे कोणालाच माहीत नाही, म्हणून मालकांनी सांगितलं, ज्यानं त्यानं आपला माल ओळखून न्यावा. उन्हाचा पारा चढलेला. एका माणसानं तीन कूलर आपलेच म्हणून ओळखले. दुसऱ्यानं चौथा, मायेनं कुरवाळत. लग्नाच्या पत्रिका मात्र कोणी ओळखायला तयार नाही.

संध्याकाळी एक आई-बाप आले, पारशिवनीकडचे. सोमवारी मुलीचं लग्न. नवरीचा शालू आमच्याकडे आलेला. वैभवी आणि रुपराव त्यांच्याबरोबर अंधार पडेपर्यंत गाठोडी सोडत होते. मिळाला नाही. ती बाई रडली नाही, नुसती रिकाम्या पिशवीची घडी घालत राहिली. मी केबिनमध्ये गेलो आणि दार लावून घेतलं. कूलर कोणीतरी ओळखून नेला होता.

खूप वाईट वाटलं. हेही लिहून ठेवतो.

६ मे, मंगळवार

शालू सापडला. फवारणीच्या पंपांच्या मागे. लग्न काल झालं. रुपराव स्वतः गाडीवर जाऊन देऊन आला. म्हणे पाठवणीनंतर पोचलो. पुतणीच्या लग्नाला सुट्टी मिळाली नाही, या लग्नाला गेला, तेही उशिरा.

आनंदरावजी माझ्याशी बोलत नाहीत. समोर आलो की मंदिरात जातात. याचा अर्थ राग निवळतो आहे. सगळ्या गोदामात एकच चर्चा, बोहणीला नाही म्हटलं म्हणून झालं. अंधश्रद्धेनं एक चांगला प्रकल्प बुडवला. मी आवृत्ती दोनवर काम सुरू केलं आहे. त्यात तीन बटणं असतील.

खर्र्याबद्दल आता लिहीत नाही.

८ मे, गुरुवार. सकाळी

मशीन सुरू केलं. आज पुसायची चौकट नाही, सूचनापेटी.

"जितेंद्र यांनी यापुढे कॉम्प्युटरला हात लावू नये. उद्यापासून गेटवर बसून पेट्यांवर नाव-गाव लिहावे. अक्षर मोठे काढावे."

पुन्हा वाचली. खाली एकच बटण.

कोपऱ्यातल्या फुलीवर दाबलं. बंद होत नाही. कीबोर्डवरची माहीत असलेली सगळी बटणं दाबली. होत नाही. कोणीतरी फार नीट काम केलं आहे. मग आठवलं कोणी.

काउंटरवर वैभवीनं केव्हाच दाबलं होतं. बाकीच्यांनीही. फक्त माझंच उरलं होतं म्हणून सगळी मशीन अडलेली, आणि दारात गिऱ्हाइकांची रांग. वैभवी खाली बघत होती. रुपराव माझ्या मागे येऊन उभा राहिला. मला वाटलं हसेल. हसला नाही. हळूच म्हणाला, दाबून टाका भाऊ. लोक खोळंबून राहिले. बोहणीचा टाइम आहे.

दाबलं.

पट्टी भरू लागली. थोडी थांबत थांबत, मेहनत दिसावी अशी. शंभर टक्के.

काम फत्ते.